उकिरड्यावरची सदाफुली

नांदेडहून वसमतमार्गे औंढा नागनाथकडे जाताना वाटेत शिरड शहापूर लागते. औंढा नागनाथ तालुक्यातले हे मोठे गाव. हा सगळा भाग पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो हिंगोलीत आला. या रस्त्याने बाहेरून येणारे लोक बहुधा दोन कारणांनी येतात. काही औंढ्याच्या नागनाथाला जातात, तर जैन बांधव शिरड शहापूरला उतरून मल्लिनाथ भगवानांच्या दिगंबर जैन मंदिरात जातात. जैनांची परंपराही आपल्यासारखीच श्रमणांची, म्हणून त्या मंदिराकडे आम्हीही आदराने पाहिले. पण आम्ही गेलो होतो ते मंदिरासाठी नव्हे, एका साध्या फुलझाडाची चौकशी करायला गेलो होतो.

ते झाड म्हणजे सदाफुली. आपल्यापैकी क्वचितच कोणी असेल ज्याने ते पाहिले नाही. फुटक्या माठात, तेलाच्या रिकाम्या डब्यात, विहाराच्या ओट्याखाली, नळाच्या सांडपाण्याजवळ ते आपोआप उगवते आणि बाराही महिने फुलते. गेली काही वर्षे या झाडाबद्दल वस्त्यावस्त्यांतून एक गोष्ट सारखी कानावर येते. सदाफुलीची पाने खाल्ली की साखर उतरते, कॅन्सरसुद्धा बरा होतो, असे लोक एकमेकांना सांगतात. मोबाईलवरून तर ही गोष्ट घराघरांत गेली आहे. यात खरे किती आणि खोटे किती? गरिबाच्या घरात हा प्रश्न करमणुकीचा नाही, जिवाशी जोडलेला आहे. म्हणून त्याचा छडा लावावा असे आम्हाला वाटले.

हळदीच्या मुलखात

आम्ही गेलो ते मार्च महिन्यात. या दिवसांत या भागात जिकडेतिकडे हळदच हळद दिसते. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांमुळे या टापूत ओलिताची शेती वाढली. काळी कसदार जमीन आणि पाणी यामुळे हळदीचे पीक इथे चांगलेच रुजले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रस्त्याच्या कडेला शेतात मोठमोठे लोखंडी कुकर लावलेले, त्यातून वाफ निघते आहे, शिजलेली हळद उन्हात पसरलेली आहे, असे दृश्य पाहत आम्ही गावात शिरलो.

हळद जमिनीतून निघाली की ती वेचायला, मोडायला, साफ करायला माणसे लागतात, आणि त्यात बायाच जास्त असतात. आपल्या वस्तीतल्या कितीतरी आयाबहिणी या दिवसांत पहाटे भाकरी बांधून दुसऱ्याच्या शेतात जातात. संध्याकाळी परततात तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले असतात. सण नाही, लग्न नाही, तरी हात पिवळे. दिवसभर वाकून काम, रात्री चूल, आणि दुखणे आले तर अंगावर काढायचे, अशी या बायांची रीत. दवाखान्यात गेले की एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून घराजवळ उगवणारे फुकटचे पान औषध म्हणून कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवावासा वाटणे साहजिक आहे. त्यांना अडाणी म्हणून हसण्याचा अधिकार कोणाला नाही.

वस्तीत आम्ही जयभीम करून एका ओट्यावर बसलो. ओट्याच्या कडेला सदाफुलीची दोन-चार झाडे होती. एकाला गुलाबी-जांभळी फुले, एकाला पांढरी आणि त्याच्या मधोमध लाल ठिपका. त्या घरची आजी पाण्याचा तांब्या घेऊन आली. आम्ही फुलांची चौकशी करताच ती म्हणाली, "फुलाचं काय घेऊन बसलाव लेकरांनो, पान बघा पान. सकाळी उठलं की सात पानं चावते मी. कडू जहर लागतंय. पण कडू खाल्लं की शुगर मरते म्हणतेत."

"आणि दवाखान्यातल्या गोळ्या, आजी?"

"त्या सोडून दोन महिने झाले. गोळ्यानं तोंडाची चव जाते बाबा. हे आपलं झाडपाल्याचं हाय, ह्याचं काय वाईट होतंय?"

बोलता बोलता आजीने पाय पुढे घेतला. अंगठ्याजवळ चिंधी बांधलेली होती. शेतात काडी लागली, तिची जखम भरत नव्हती. किती दिवस झाले असे विचारल्यावर ती म्हणाली, "झाला असंल महिना." मधुमेहाच्या माणसाच्या पायाची महिनाभर न भरणारी जखम म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कोणाचा पाय कापावा लागला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आम्ही तिच्या नातवाला बाजूला घेऊन तिला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितले, आणि तो घेऊनही गेला.

"ह्याचं काय वाईट होतंय?" आजीच्या या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

हे झाड आले कुठून?

पुष्कळांना वाटते की सदाफुली ही आपल्या ऋषिमुनींनी सांगितलेली वनस्पती आहे. तसे मुळीच नाही. तिचे मूळ घर आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर आहे. अठराव्या शतकात तिचे बी युरोपातल्या बागांत पोहोचले आणि शोभेचे झाड म्हणून ती जगभर गेली. तशीच ती आपल्या देशातही आली आणि इथल्या मातीत मिसळून गेली. तेव्हा "आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात लिहिले आहे" असे सांगून कोणी सदाफुलीची पूड विकत असेल, तर तो आपल्याला फसवतो आहे असे खुशाल समजावे. जे झाड तेव्हा या देशात नव्हतेच, त्याचे गुण त्या ग्रंथांत कुठून येणार?

शास्त्रज्ञ तिला कॅथरॅन्थस रोझियस म्हणतात. तगर, कण्हेर, चाफा आणि रुई ही तिच्याच कुळातली भावंडे. या कुळातली बरीच झाडे चिकाची आणि कडू असतात, आणि काही चांगलीच विषारी. कण्हेर दिसायला देखणी, पण तिच्या विषाने माणसाचे हृदय बंद पडते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बियांनी तर खेड्यापाड्यांत कित्येक जीव गेले आहेत. शोभेचे झाड म्हणजे निरुपद्रवी झाड, असे नसते. सदाफुलीला सहसा शेळीसुद्धा तोंड लावत नाही. जिला बाभळीचे काटे चालतात ती शेळी ज्या पानाला टाळते, ते पान माणसाने रिकाम्या पोटी चावायचे काय, याचा विचार व्हावा.

या झाडाला देशात नावेही मोठी गमतीची आहेत. आपण सदाफुली म्हणतो, हिंदी भाषिक सदाबहार म्हणतात. तमिळ लोक तिला नित्यकल्याणी म्हणतात, आणि तेच लोक तिला मसणवटीची मोगरी अशा अर्थाचेही नाव देतात, कारण स्मशानात कोणी न लावता ती उगवते. एकच फूल, एकाच मुलखात एक नाव मंगल आणि दुसरे अमंगल! ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना या गोष्टीचा अर्थ लवकर कळेल. फूल तेच असते. नाव ठेवणारे वेगळे असतात.

पाकिटातली पाने

आता या झाडाची खरी कहाणी सांगतो. ती कोणत्याही पुराणकथेपेक्षा नवलाची आहे.

वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरचे गोरगरीब लोक सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. म्हणजे शिरड शहापूरच्या आजीचा आणि जमैकातल्या एखाद्या आजीचा समज एकच होता. १९५२ साली तिथल्या एका डॉक्टरांनी या झाडाची काही पाने पाकिटात घालून कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांना पाठवली. क्लार्क नोबल यांनी पूर्वी इन्सुलिनच्या संशोधनात काम केले होते. स्वतः निवृत्त झाले असल्याने त्यांनी ती पाने आपले भाऊ डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल हे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करत होते.

त्यांनी पानांचा अर्क काढून उंदरांना पाजला. साखर उतरली का? नाही उतरली. मग त्यांनी तो अर्क टोचून पाहिला. साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण उंदीर मात्र मेले. दुसरा एखादा असता तर त्याने ती पाने केराच्या टोपलीत टाकली असती. नोबल यांनी विचारले, उंदीर मेले ते कशाने? तपासल्यावर दिसले की उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदारच उरले नाहीत तेव्हा साध्या जंतूंनी उंदरांचा जीव घेतला.

इथे नोबल यांच्या मनात दुसरा प्रश्न आला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. जे द्रव्य पेशी कमी करते, ते या रोगावर चालेल काय? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांनी काही वर्षे खपून पानांतून ते द्रव्य वेगळे केले. १९५८ साली त्यांनी ही माहिती जगापुढे ठेवली. या औषधाला पुढे व्हिनब्लास्टिन असे नाव पडले. त्याच सुमारास अमेरिकेतली एली लिली ही कंपनीही या झाडावर काम करत होती. तिथल्या संशोधकांनी याच झाडातून व्हिनक्रिस्टिन हे दुसरे औषध काढले आणि १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

लहान मुलांना होणारा रक्ताचा कर्करोग त्या काळी म्हणजे मरणच होते. आज प्रगत देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले जगतात. आपल्याकडेही वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. हे यश एकट्या सदाफुलीचे नाही. अनेक औषधे मिळून दोन-तीन वर्षे उपचार चालतात. पण त्या औषधांत व्हिनक्रिस्टिन आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधे आहेत.

म्हणजे साखरेसाठी ज्या पानांवर विश्वास होता, तो विश्वास परीक्षेत उतरला नाही. पण जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते ते परीक्षेतून निघाले. पान तेच होते. तपासणी झाली म्हणून औषध सापडले.

मग पान का खायचे नाही?

इथे कोणी म्हणेल, झाडातून कॅन्सरचे औषध निघते तर मग पान खाल्ले म्हणून काय बिघडले? घरचेच झाड आहे. याचे उत्तर नीट समजून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे पानात ते द्रव्य अगदी नाममात्र असते. १ ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, आणि व्हिनक्रिस्टिनला त्याहूनही जास्त. म्हणून तर शास्त्रज्ञ दुसरे मार्ग शोधत आहेत. २०२२ साली यीस्टच्या पेशींकडून या औषधाचे घटक तयार करून घेण्यात यश आले. सात पाने चावून कर्करोग बरा होईल, अशी आशा धरणे म्हणजे एक थेंब पाणी टाकून विहीर भरण्याची आशा धरणे होय.

दुसरी गोष्ट अशी की पानात ते एकटेच द्रव्य नसते. शंभराहून अधिक क्षारद्रव्ये या झाडात सापडली आहेत. कोणते किती पोटात गेले, हे पान चावून कळत नाही. एका झाडाचे पान आणि दुसऱ्या झाडाचे पान सारखे नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे औषध पेशी दुभागण्याचे काम थांबवते. पेशीची दोन होताना तिच्या आत दोऱ्यांसारखी चौकट बांधली जाते, तीच हे औषध बांधू देत नाही. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात म्हणून त्या मरतात, पण शरीराच्या चांगल्या पेशींनाही त्याचा फटका बसतो. म्हणून दवाखान्यात हे औषध रक्त तपासून, वजन मोजून, थेंबाथेंबाचा हिशोब करून शिरेतून देतात. तेवढे करूनही हातापायाला मुंग्या येतात, केस गळतात. मग मोजमाप नसलेल्या काढ्याचा भरवसा कसा धरायचा? गरोदर बाईने तर सदाफुलीचे पान, मूळ, काढा काहीही घेऊ नये, कारण पोटातल्या बाळाची वाढ म्हणजे पेशींचे दुभागणेच असते.

साखरेबद्दल बोलायचे तर काही प्रयोगांत प्राण्यांची साखर या पानांच्या अर्काने उतरलेली दिसली आहे. परंतु माणसाला किती द्यावे, कोणाला द्यावे, किती दिवस द्यावे, हे ठरवणारा भरवशाचा पुरावा नाही. कडू खाल्ले की गोड मरते, हा हिशोब जिभेचा आहे. रक्तातली साखर जिभेला विचारून चढत-उतरत नाही. आणि जी माणसे गोळ्याही घेतात आणि पानेही खातात, त्यांची साखर एकाएकी फार खाली जाऊन चक्कर येण्याचा धोकाही असतो. आजीच्या "ह्याचं काय वाईट होतंय?" या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. पानाने वाईट होऊ शकते, आणि पानाच्या भरवशावर गोळी सोडल्याने तर नक्कीच वाईट होते.

ज्ञान कोणाचे, पैसा कोणाचा?

या कहाणीला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्यासारख्या लोकांनी विसरता कामा नये. झाड मादागास्करचे. माहिती जमैकातल्या गोरगरिबांची. औषध विकून पैसा मिळाला तो कंपनीला. त्या काळी असा वाटा द्यावा असा कायदाच नव्हता.

शिरड शहापूरच्या परिसरात हे बोलताना हळदीची आठवण होणारच. जखमेवर हळद लावावी हे आपल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. तरीही १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट दिले गेले. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले. हे ज्ञान जुनेच आहे हे दाखवणारे ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यात ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

हा विजय मोठाच होता. पण त्यातून एक गोष्ट आमच्या मनात रुतली. हळद जिंकली कारण तिच्याबद्दल लिहिलेले होते. ज्यांना हजारो वर्षे लिहू-वाचू दिले नाही, त्यांचे ज्ञान पुराव्यात कुठून येणार? बाळंतपणे करणाऱ्या आपल्या आज्या, जनावरांची दुखणी ओळखणारे आपले आजोबा, पाला ओळखणारे वैदू, भिल्ल, पारधी यांनी जे पाहिले आणि जपले ते त्यांच्याबरोबर मातीत गेले. आता मात्र वाट आहे. आपल्या देशात २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोकांना ठाऊक असलेल्या वनस्पतींची नोंदवही तयार करावी लागते. आपल्या गावात ती वही आहे का, तिच्यात आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून काही लिहिले आहे का, हे शिकलेल्या मुलामुलींनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. नोंद करणे म्हणजे प्रत्येक समज खरा मानणे नव्हे. जमैकातला समज कोणीतरी पाकिटात घालून पाठवला, म्हणूनच तो तपासला गेला, हे लक्षात ठेवावे.

जीवकाची परीक्षा

औषधी झाडांचा विषय निघाला की आम्हाला विनयपिटकातला जीवक आठवतो. राजगृहात जन्मलेले हे मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकले गेले होते. अभय राजकुमाराची नजर पडली. जिवंत आहे काय, असे त्याने विचारले. जिवंत आहे, असे लोकांनी सांगितले, आणि म्हणून त्याचे नाव जीवक पडले. हाच जीवक तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यक शिकला. शिक्षण पुरे झाले का हे पाहण्यासाठी आचार्यांनी त्याच्या हाती खुरपे दिले आणि सांगितले, तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिर आणि जे औषधी नाही असे काही दिसले तर घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही असे काहीच दिसले नाही, असे त्याने सांगितले, आणि आचार्य प्रसन्न झाले. पुढे तो बिंबिसार राजाचा आणि तथागतांचा वैद्य झाला.

ही गोष्ट आपण विहारात ऐकतो, पण तिच्यातला अर्धाच भाग घेतो. सगळी झाडे औषधी आहेत एवढेच आपण लक्षात ठेवतो. जीवकाने त्याआधी सात वर्षे अभ्यास केला होता, हे विसरतो. झाड औषधी आहे हे सांगायला सात वर्षे लागतात. कोणत्या रोगाला, कोणाला, किती आणि कसे द्यायचे, हे कळले तरच ते औषध असते. नाही तर ते नुसते पान असते, किंवा विष असते.

केसपुत्ताच्या कालामांनाही तथागतांनी हेच सांगितले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पाहा, हिताचे आहे की अहिताचे आहे ते पारखा, मग स्वीकारा. मोबाईलवर आलेला मजकूर आजच्या काळातले ऐकीवच आहे. त्याच्या खाली बुद्धाचे चित्र छापले म्हणून तो खरा ठरत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता. संधिवातानेही त्यांना त्रास दिला. १९४८ साली त्यांचे लग्न झाले ते डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी, आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. त्या आजारपणातच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून काढला. त्यांच्यावर डॉक्टरांचे उपचार चालू असत. ज्यांनी आपल्याला नवस, गंडेदोरे, अंगारे सोडायला शिकवले, त्यांच्या अनुयायांनी गंडा सोडून त्या जागी पानाचा गंडा बांधला तर काय मिळवले?

घरासाठी चार गोष्टी

आता आपल्या आयाबहिणींसाठी चार गोष्टी सांगून थांबतो.

मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये. सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात. गोळीने त्रास होत असेल तर तसे सांगावे, गोळी बदलून मिळते. पाय रोज धुवावे, बोटांच्या बेचक्यांत पाहावे. शेतात अनवाणी जाऊ नये. जखम आठ दिवसांत भरताना दिसली नाही तर मजुरी बुडवून दवाखाना गाठावा. एका दिवसाची मजुरी पायापेक्षा मोठी नाही.

लेकराचा ताप हटत नसेल, चेहरा पांढराफटक पडत असेल, अंगावर न लागता निळे डाग उठत असतील, हाडे दुखतात म्हणून ते रडत असेल, गळ्यात-काखेत गाठी येत असतील, तर झाडपाल्यात दिवस घालवू नयेत. रक्ताची तपासणी लगेच करून घ्यावी. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईत परळचे टाटा रुग्णालय इथे या रोगावर उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरच्या उपचारांचा समावेश आहे. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे आणि रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. सदाफुलीचे खरे औषध तिथे बाटलीत आहे, ओट्यावरच्या माठात नाही.

तान्ही लेकरे फुले-पाने तोंडात घालणार नाहीत याकडे लक्ष ठेवावे. कोणी पाने खाल्लीच आणि उलट्या, गुंगी, अशक्तपणा वाटला, तर झाडाची फांदी बरोबर घेऊन दवाखान्यात जावे, म्हणजे डॉक्टरांना झाड ओळखता येते.

आणि शेवटचे. सदाफुली उपटून टाकू नये. तिने काही गुन्हा केलेला नाही. कमी पाण्यात, कडक उन्हात, कोणी न विचारता ती फुलते. तिच्या पाच पाकळ्या पाहून लेकरांना पंचशील शिकवता येते. बुद्धवंदनेला फूल वाहताना आपण म्हणतो की हे फूल कोमेजते तसाच हा देहही कोमेजणार आहे. पण देह कोमेजणार म्हणून तो हलगर्जीने घालवावा असे तथागतांनी सांगितले नाही. आजारी भिक्खूला त्यांनी स्वतःच्या हाताने धुतले आणि रोग्याची सेवा तीच माझी सेवा असे संघाला शिकवले.

विहाराच्या कुंपणाशी सदाफुली अवश्य लावा. आणि मुलामुलींना तिच्याजवळ बसवून पाकिटातल्या पानांची गोष्ट सांगा. हळदीने पिवळ्या झालेल्या हातांच्या आयांनी आपल्या लेकींना शाळेत विज्ञान शिकवावे, प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवावे. पुढचे पान पाकिटातून येईल तेव्हा ते उघडून तपासणारे हात आपल्या वस्तीतले असावेत.